येळवशीला अप्पांचं डोकं मागायला

नांदेड-लातूरला कशासाठी गेला होतात, असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचा चहा संपू देते. कारण खरं उत्तर असं आहे की मी एका माणसाचा मेंदू मागायला गेले होते. मेल्यानंतरचा, हे लगेच जोडावं लागतं, नाहीतर लोक खुर्ची मागे सरकवतात.

मी डॉक्टर नाही. पुण्यात मेंदूवर संशोधन करणारी एक संस्था आहे, तिथे मी माणसांशी बोलण्याचं काम करते. मनाच्या आजारांची एक अडचण असते. जिवंत माणसाच्या मेंदूचे कितीही फोटो काढले तरी आत पेशींमध्ये काय बिघडलंय ते त्यात नीट दिसत नाही. यकृताचा कण काढून तपासता येतो, मेंदूचा तसा कुणाचा काढणार? म्हणून काही माणसं जिवंतपणी सांगून ठेवतात की आम्ही गेल्यावर आमचा मेंदू घ्या आणि बघा. पण त्यांनी कितीही सांगितलं तरी ऐन वेळी घरच्यांचा होकार लागतो. घरचे नाही म्हणाले की आम्ही हात लावत नाही.

औशाजवळचे काशीनाथअप्पा अशांपैकी एक. कापडाचं दुकान, सत्तरी ओलांडलेली. तरुणपणापासून त्यांना उन्माद आणि उदासी यांच्या लाटा येण्याचा आजार. आमच्या अभ्यासासाठी ते वर्षानुवर्षं पुण्याला यायचे, मशीनच्या बोगद्यात निमूट पडून राहायचे आणि बाहेर आल्यावर "ह्याच्यात झोप लई झकास लागती," म्हणायचे. आता त्यांची मूत्रपिंडं थकली होती आणि फार दिवस उरले नाहीत, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचा स्वतःचा होकार पक्का. अडलं होतं बायकोपाशी. त्यांच्या मुलाचा, बसवराजचा, फोन आला, "मॅडम, आई न्हाई मनून राहिली. तुम्ही एकदा येऊन बोला. अप्पांनी अन्न सोडल्यासारखं केलंय."

म्हणून मी निघाले.

नांदेड

आधी नांदेड, कारण तिथल्या एका रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांसमोर बोलायचं कबूल केलं होतं. मराठवाडा म्हणजे ऊन, एवढंच ज्ञान बांधून मी निघालेली, त्यामुळे शाल घरीच होती. डिसेंबरातल्या नांदेडने स्टेशनवरच माझी हजेरी घेतली. बाहेर पंजाबहून आलेले यात्रेकरू उतरत होते आणि आपले मराठी रिक्षावाले त्यांच्याशी इतकं सफाईदार पंजाबी बोलत होते की मी ऐकतच राहिले. मला मात्र एकाने, "कुठं जायचंय, बीबीजी?" असं विचारलं. थंडीने मी डोक्यावरून पदर घेतला होता, त्याचा हा परिणाम.

बैठकीला माणसं बरीच होती. मी माझं नेहमीचं बोलले. मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "मेल्यावर बघून काय उपेग, बाई? जित्तेपणी बघा की." मी खरं तेच सांगितलं. तुमच्या माणसाला उपयोग नाही. पुढच्या कुणाला होईल, आणि तोही होईलच असं नाही. आमचे साहेब म्हणतात, तुला भाजी विकायला बसवलं तर तू गिऱ्हाइकाला किडकी भेंडी आधी दाखवशील. असेल.

बैठक सुटल्यावर सलीमभाईंनी थांबवलं. त्यांची बेकरी आहे आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला बरीच वर्षं नसलेले आवाज ऐकू यायचे. औषधांनी ती आता इतकी सावरलीय की बेकरीत बिस्किटांचे ट्रे लावते. त्यांनी मला खिचडी आणि खट्टा खायला घातला. मसूरडाळीची पिवळीधमक खिचडी, वर तीळ आणि चिंचेचा पातळसर खट्टा. पुण्यात खिचडी म्हणजे आजारपणाचं किंवा उपासाचं खाणं. इथे सकाळी सकाळी माणसं तिच्यावर तुटून पडतात. मला दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा मीच मागितलं.

हात पुसता पुसता सलीमभाई म्हणाले, "मॅडम, बुरा नका मानू. तुम्ही बहिणीचे फोटो काढा, खून तपासा, आमी कधी ना म्हणणार न्हाई. पण मिट्टी पूरी द्यायची असती आमच्यात. जशी आली तशी वापस." त्यात बुरा मानण्यासारखं काहीच नव्हतं आणि मी तसं म्हटलंही. मनात मात्र मी सोपी वाटणी करून टाकली. पुरतात त्यांना अडचण, जाळतात त्यांना नाही. काशीनाथअप्पा दुसऱ्या रांगेतले, असं धरून मी निर्धास्त झाले.

लोहा, अहमदपूर आणि एक पोळी

लातूरची एसटी दुपारची. लोह्यानंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं, वाळायला आलेली तूर, मध्येच करडईचे काटेरी पट्टे आणि हुरड्यावर येऊ घातलेली ज्वारी. गाडीत बाया, आणि बायांपेक्षा जास्त मडकी. तोंडाला फडकी बांधलेली मडकी, डबे, टोपल्या. प्रत्येक फाट्यावर दोन बाया आणि चार मडकी उतरत होती. शेजारणीला विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "उद्या येळवस न्हाई का!"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे अमावस्या म्हटलं की लोक नवं काम टाळतात, प्रवास टाळतात. इथे ह्या अमावस्येला सगळा मुलूख उठून शेतात जेवायला जातो. आणि मी नेमका तोच दिवस निवडला होता. शेजारणीने विचारलं, "तुम्ही कुणाच्या शेताला?" म्हटलं, कुणाच्याच नाही, लॉजवर उतरणार. तिचा चेहराच पडला. "लॉजवर येळवस? असं कुठं असतंय व्हय!" आणि तिने अहमदपूरला उतरण्याआधी माझ्या हातात एक तिळाची पोळी कोंबली, निदान माझ्या पोटात तरी सण पडावा म्हणून.

लातूर

सकाळी खाली आले तर लॉजचे मॅनेजर कुलूप हातात घेऊन उभे. "चहा? आज लातुरात चहा न्हाई, मॅडम. माणूसच न्हाई." खरंच नव्हतं. एरवी शिकवण्यांच्या पोरांनी ओसंडणारे रस्ते रिकामे, शटरं ओढलेली, चौकात एक गाय उभी. मॅनेजरांनी मला किल्ली दिली, "मेन दरवाजा बी तुम्हीच लावा," म्हणाले आणि स्वतः बायकामुलांना घेऊन शेताकडे गेले. आख्ख्या लॉजची मालकीण झाले, पण घोटभर चहा मिळेना.

एवढ्यात बसवराज मोटारसायकलवर आला. चाळिशीचा, बोलायला मऊ. "आई मनली, घेऊनच ये. आज कुणी घरात राहून चालत न्हाई." मला मागे बसवून त्याने माझ्या मांडीवर आंबिलीचं मडकं ठेवलं. आंबील म्हणजे ताक आणि ज्वारीच्या पिठाचं आंबवलेलं, लसूण घातलेलं पेय. औशाच्या रस्त्याला लागल्यावर एका खड्ड्यात मडक्याने मान टाकली. साडी भिजली, पिशवी भिजली, पिशवीतली माहितीपत्रकं भिजली. शेतावर पोचले तेव्हा मला लसणाचा घमघमाट सुटला होता आणि हातात दाखवायला एकही कोरडा कागद नव्हता. जे काही बोलायचं ते आता तोंडानेच.

अप्पांचं शेत

बांधावरच्या आंब्याखाली कडब्याची कोप, म्हणजे छोटीशी खोपी, उभारली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, त्यांच्यावर नवी शाल. पूजा झाली होती. बसवराज मडक्यात उरलेली आंबील शिंपडत शेताला फेरी घालून आला आणि पंगत बसली. भज्जी वाढली. नावावरून मला तळणातली भजी वाटली होती, पण ही म्हणजे रानात जे जे हिरवं सापडेल त्या सगळ्याची एकत्र भाजी. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाल, पातीचा कांदा, पालेभाज्या. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि गव्हाची खीर. इतकं चवदार मी वर्षात खाल्लं नव्हतं, आणि ज्या कामाला आले ते काढायची माझी हिंमत होत नव्हती.

अप्पा खाटेवर टेकून बसले होते. सुजलेले पाय, उतरलेला चेहरा, पण डोळे लख्ख. त्यांनीच विषय काढला.

"ताई, बसूच्या आईला नीट समजावा. आमी दोघं भाऊ. मी आन शिवा. आजार एक, डॉक्टर एक, गोळी एक. मला लागू पडली, त्याला पडली न्हाई. मी तरलो, तो त्याच्यातच गेला. कशापायी? तेवढं एक पायजे मला. मला मिळणार न्हाई, ठावं हाय. पर कुणाला तरी मिळंल."

ती गोळी लिथियमची. एक प्रकारचं मीठच, दगडात सापडणारं. कुणाला ते इतकं मानवतं की हातातून गेलेला संसार परत मिळतो, कुणाला काहीच होत नाही, आणि हा फरक का, ते आजही पक्कं कुणी सांगू शकत नाही. वर्षानुवर्षांनी काहींच्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो. अप्पांना ज्याने तारलं त्यानेच आता त्यांना मरणापाशी आणलं होतं, आणि त्यांची त्याबद्दल जराही तक्रार नव्हती.

महानंदाबाई, अप्पांच्या बायको, चुलीपाशी होत्या. मी काकू म्हणाले तर, "अक्का मन," एवढंच म्हणाल्या. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या, फक्त थकलेल्या.

"कुठून काढताव?" त्यांनी विचारलं.

"अक्का, चेहऱ्याला काहीही होत नाही. एका कानामागून माथ्यावरून दुसऱ्या कानामागे चीर देतात. नंतर कवटी जशीच्या तशी बसवून शिवतात. केसांत दिसतसुद्धा..."

इथे माझी गाडी अडली. अप्पांनी ऊन खायला टोपी काढली होती आणि त्यांचं टक्कल चकाकत होतं. तेच हसले. "केसाचं दान तर कवाच झालं, ताई."

अक्का हसल्या नाहीत. "आमी लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत, ठावं हाय का तुला?"

मला ऐकून माहीत होतं. पण रांगा लावताना मी ते साफ विसरले होते.

"माणूस गेला की आमी त्याला निजवत न्हाई. बसवताव. भस्म लावून, हार घालून, गळ्यातलं लिंग हातात देऊन. समदा गाव येतंय, तोंड बघतंय. मग स्वामी येतेत आन माथ्यावर पाय ठिवतेत. त्या पायानं माणूस मोकळा होतो." अक्कांनी आपला हात अप्पांच्या डोक्याच्या दिशेने केला. "आता तू सांग. उसवून शिवलेल्या डोक्यावर पाय कसा ठिवायचा? आतून रिकाम्या?"

पुण्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिथे माणूस आडवा असतो, फुलांत झाकलेला असतो, आणि तासाभरात राख होतो. माझी सगळी उत्तरं त्या आडव्या माणसासाठी तयार केलेली होती. बसलेल्या माणसासाठी माझ्यापाशी एकही नव्हतं.

"मग नको, अक्का," मी म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात तर नाहीच. मी अप्पांनाही हेच सांगेन."

अप्पांनी हातातला उंडा ताटात ठेवला आणि हात धुवायला पाणी मागितलं. अर्धं ताट तसंच होतं. बसवराज आईकडे वळला. "आई, निदान शिवाकाकासाठी..."

"शिवाचं मला सांगू नको," अक्का एकदम उसळल्या. "लग्न होऊन आले तवा गुडघ्याएवढा होता तो. माझ्या हातचं खाऊन मोठा झाला. तो का गेला, ते मला नको हाय का? आन ह्यांचं डोकं? कवा दुकानातली कापडं रस्त्यावर फेकत गाणं मनायचे, कवा महिना महिना भिताडाकडं तोंड करून पडायचे. त्या डोक्यावर थंड पाणी वतत मी बसायची. तुमच्या मशीनीनं त्याचे फोटो काढले. मला कुणी कवा विचारलं का, बाई, तू काय बघितलंस मनून?"

कुणीच विचारलं नव्हतं. आमच्या अभ्यासात अप्पांच्या झोपेची, बोलण्याची, रक्ताची नोंद आहे. अक्का त्यात कुठेच नाहीत. मी तसं त्यांना सांगितलं आणि मला फार वाईट वाटलं, तेही सांगितलं. शेजारच्या शेतातून हसण्याचे, मुलांच्या ओरडण्याचे आवाज येत होते. सगळ्या मुलखाचा सण चालला होता आणि आमच्या कोपीपाशी ताटातली खीर निवत होती.

तेवढ्यात बांधावरून त्यांच्या घरचे जंगम स्वामी आले. लिंगायतांच्या घरचे जन्मापासून मातीपर्यंतचे सगळे विधी करणारे, वयाने अप्पांएवढेच. "शरणार्थ," म्हणत ते बसले. अक्कांनी त्यांना वाढलं, आग्रहाने खीर घातली, त्यांचं जेवण होऊ दिलं. मग त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"स्वामी, एक मागायचंय. मेल्यावर मंतर मना, बेल वाहा, समदं करा. पर पाय आत्ता ठिवा."

स्वामींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते खाटेकडे बघून पटकन म्हणाले, "अक्का, जित्त्या माणसाला ते करत न्हाईत."

"आन रिकाम्या डोक्याला करतेत का?"

अक्कांनी जोडलेले हात सोडले नाहीत.

"हे मनतेत, मेंदू द्यायचा. देऊ दे. पर डोकं पुरं हाय तवर पाय पडू द्या. त्याच्यात हे समदे हाईत तवर. त्यांचं गाणं हाय, रडणं हाय, शिवा हाय. मागनं काय, नुसतं करवंट."

बसवराज तोंड फिरवून उभा राहिला. स्वामी खाटेपाशी गेले. मग त्यांनी विचारलं, "काशीनाथ, तुझं काय मनणं?"

अप्पांनी मुलाला हाक मारली आणि खाटेवरून खाली, जमिनीवर बसवायला सांगितलं. सुजलेल्या पायांची मांडी जमेना, ती बसवराजने हाताने घालून दिली. गळ्यातल्या चांदीच्या करंड्यातून त्यांनी लिंग काढलं, रोज पूजेला घेतात तसं डाव्या तळहातावर घेतलं आणि पाठ ताठ केली. आंब्याच्या खोडाला टेकून, भर दुपारी, सणाच्या दिवशी, अप्पा तसे बसले, जसे ते गेल्यावर बसणार होते. त्यांना ते कळत होतं. आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं.

अक्कांनी स्वामींचे पाय पाण्याने धुतले. स्वामींनी बसवराजच्या खांद्याचा आधार घेतला, ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि उजवं पाऊल हळूच अप्पांच्या माथ्यावर ठेवलं. अप्पांचे डोळे उघडे होते. ते अक्कांकडे बघत होते. मी ह्या कामात इतकी वर्षं काढली, इतक्या घरांत इतक्या मरणांबद्दल बोलले, पण जिवंत माणसाला असा निरोप घेताना कधी पाहिलं नव्हतं.

स्वामी बाजूला झाले. पावलाची ओल टकलावर उमटली होती. बसवराज पंचा घेऊन पुढे झाला, तर अक्कांनी त्याला थांबवलं. "आपसूक वाळू दे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, आवाज मात्र घरातलं काम सांगावं तसा होता.

"फोन कुणाला करायचा, ते मला सांगून ठिव. बसूला त्या येळेला सुचणार न्हाई. मीच करीन."

मी नंबर सांगायला लागले आणि दुसऱ्याच आकड्याला अडखळले. अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हं," त्या म्हणाल्या, "म्होरं सांग."